अंगभूत दोष

पॉलिसीच्या चौथ्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ आहे:
मालाच्या अंगभूत दोषामुळे झालेले नुकसान भरून मिळणार नाही.
शेवंताबाईंनी विचारलं, म्हंजे काय वं बाई?
त्या संत्री निवडत होत्या, मांडीवर गोणपाट.
मी म्हटलं, संत्रं संत्र्यासारखं वागलं
तर कंपनी जबाबदार नाही.
त्यांनी एक मऊ फळ बाजूला टाकलं.
म्हणाल्या, मंग मानसाचा इमा कसा काढतेत?

शेंदूरजनाघाटच्या या शेडमध्ये मी कागद करते.
ट्रक उलटला, जळला, चोरीला गेला, तर मिळतं.
ट्रक नुसता उभा राहिला तर मिळत नाही.
उभं राहण्याला विम्यात अपघात म्हणत नाहीत.

त्या मंगळवारी कय्युमभाई निघाले,
आंबिया बहाराचे सातशे वीस कॅरेट, खाली तणस.
तीनशे रूपराव बेलसरेंचे,
दोनशे ऐंशी अनसूया वाघाडेंचे, ते शेवटी आले म्हणून दाराशी,
आणि एकशे चाळीस पांढुर्ण्याच्या साहूंचे,
ज्यांच्या बागेत जायला राज्य ओलांडावं लागतं
आणि चहा मात्र तोच मिळतो.

रायपूर. खरगपूर. मग बनगावची रांग.
पलीकडच्या देशानं रातोरात किलोमागचा कर वाढवला होता.
इकडचे म्हणत, जुन्या दरानं सोडा,
तिकडचे म्हणत, नव्यानं भरा,
आणि मधे शेकडो ट्रक, ताडपत्रीखाली
आपापल्या स्वभावाप्रमाणे पिकत.

सातव्या दिवशी फोन आला.
ताई, दाराच्या रांगेला बुरशी धरली. आत चालली.
ठेवू की काढू?
मी कोणाला विचारलं नाही. विचारायला वेळ होता,
खरं सांगायचं तर होता, दहा मिनिटं होती.
काढा, म्हटलं.
एकशे ऐंशी कॅरेट रस्त्याकडेच्या खड्ड्यात.
सगळे अनसूयाबाईंचे.
उरलेले पाचशे चाळीस दुसऱ्या दिवशी पार झाले,
बरा भाव मिळाला.

कंपनीचं उत्तर चार ओळींचं.
उशीर. स्वभाव. क्षमस्व.

शुक्रवारी सगळे शेडमध्ये बसले, पालथ्या कॅरेटवर.
रूपराव म्हणाले, माहा माल तं पोचला. मी काहून भरू?
कोणी बोललं नाही. वजनकाटा शून्यावर थरथरत होता.
मग गुणवंत दिवाणजींनी चष्मा पुसला.
म्हणाले, जहाज वादळात सापडलं
की वाचवायसाठी ओझं समुद्रात फेकतेत.
ज्याचं फेकलं त्याचं एकट्याचं नाही जात.
ज्यांचं वाचलं ते त्याच्या बुडण्यावर वाचलं.
इथून समुद्र किती लांब, कोणी पाहिलेलाही नसेल,
पण हिशोब कोरड्यातही चालतो.

पाटीवर खडूनं चौथा हिस्सा काढला.
साहूंना फोन लावला, स्पीकरवर ठेवला.
ते ऐकत राहिले, मागे कुठंतरी पंप चालू.
पैंतीस? लिख लो, म्हणाले. और बताओ, मौसम कैसा है?
सत्तर अनसूयाबाईंनी आपले आपण सांगितले.
रूपरावांनी एक संत्रं सोललं, अख्खं खाल्लं,
बिया मुठीत धरल्या.
पंच्याहत्तर? म्हणाले. मले वाटलं, ऐंशी.

मी माझी दहा मिनिटं कुठल्या रकान्यात लिहू
हे कोणी विचारलं नाही.

परवा नवा ट्रक लागला.
शेवंताबाई फळीवर उभ्या राहून हमालांना सांगत होत्या,
एक रूपरावचा, एक अनसूयाचा, मंग त्या पांढुर्नावाल्याचा,
मिसळून लावा रे, दाराशी कोन हाय ते दाराले कळू नये.
माझ्या फॉर्मवर मालकाच्या नावाला एकच ओळ आहे.
तिन्ही नावं बसवताना अक्षर बारीक झालं,
चौथ्या पानावरच्या इतकंच बारीक.